उडत्या तबकड्या आणि राज्यसंस्थेची गुप्तता : अमेरिकेतील शासकीय चौकशीचा इतिहास (१९४७-१९६९) व त्याची साधने

१. प्रश्नाचे स्वरूप

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायुदलाने इ. स. १९४७ ते १९६९ या काळात आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंसंबंधी १२,६१८ वृत्तांत नोंदविले. त्यांपैकी ७०१ वृत्तांतांचा उलगडा वायुदलाला अखेरपर्यंत करता आला नाही. लोकभाषेत ज्यांना 'उडत्या तबकड्या' हे नाव पडले, त्यांच्या या चौकशीचा इतिहास सामान्यतः दोन रीतींनी सांगितला जातो. पहिली रीत शासकीय आहे. तिच्यानुसार शासनाने चौकशी केली, तीतून काही निष्पन्न झाले नाही, आणि लपविण्याजोगे काही नव्हतेच. दुसरी रीत शासनावर आरोप करणाऱ्यांची आहे. तिच्यानुसार शासनाजवळ परग्रहावरून आलेल्या यानांचा पुरावा होता व तो त्याने हेतुपुरस्सर दडपून ठेविला. हे दोन पक्ष परस्परविरोधी भासले, तरी एका गृहीताविषयी त्यांचे एकमत आहे. गुप्तता असलीच तर ती तबकड्यांविषयीच असली पाहिजे, हे ते गृहीत होय.

उपलब्ध साधनांच्या परीक्षणावरून हे गृहीतच टिकत नाही, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. गुप्तता होती, आणि ती पुष्कळ होती. तथापि जे राखावयाचे होते ते राज्यसंस्थेची आकाशाकडे आणि शत्रूकडे पाहण्याची साधने हे होय. फुगे, टेहळणीची विमाने, रडारव्यवस्था आणि परकीय संदेश टिपण्याची यंत्रणा या चार गोष्टींच्या आड तबकड्यांचा प्रश्न सापडला. या गुप्ततेची किंमत शासनाला पुढे आपल्या शब्दाच्या विश्वासार्हतेत मोजावी लागली.

या विषयाची साधने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार समकालीन कागदांचा : पत्रे, टिपणे, नियमावल्या, प्रकरणांच्या संचिका. दुसरा प्रकार चौकशीत भाग घेतलेल्या व्यक्तींच्या आठवणींचा. तिसरा प्रकार शासकीय संस्थांनी आपल्याच कारभाराविषयी बऱ्याच काळानंतर लिहविलेल्या इतिहासांचा. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला अस्सल कागद आणि बखर यांतील भेद परिचित आहे. धन्याच्या आज्ञेवरून, घटना घडून गेल्यावर, धन्याच्याच दफ्तरातून लिहिलेला ग्रंथ निरुपयोगी नसतो. परंतु त्याला अस्सल कागदाचे प्रामाण्य देता येत नाही. हा भेद येथेही पाळला पाहिजे.

२. १९४७ चा उन्हाळा

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या खाजगी वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यातील रेनियर पर्वताजवळ अतिवेगाने जाणाऱ्या नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जाते तशी त्यांची गती होती, असे वर्णन त्याने केले. वृत्तपत्रांनी गतीचे हे वर्णन आकाराला लावले आणि 'उडती तबकडी' हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये घेतलेल्या गॅलप पाहणीत दर दहा अमेरिकनांपैकी नऊ जणांनी हा शब्द ऐकलेला असल्याचे आढळले.

या उन्हाळ्याचे राजकीय महत्त्व ध्यानात घेतल्याविना पुढील घटनांचा अर्थ लागत नाही. २६ जुलै १९४७ रोजी राष्ट्रीय सुरक्षा कायदा संमत झाला आणि सप्टेंबर महिन्यात वायुदल हे भूदलापासून वेगळे झाले. मध्यवर्ती गुप्तवार्ता संस्था, म्हणजे सी. आय. ए., ही याच कायद्याचे अपत्य. शीतयुद्धातील गुप्ततेची यंत्रणा आणि तबकड्यांची वार्ता या दोन्ही गोष्टी एकाच ऋतूत जन्मास आल्या. सोव्हिएत रशियाच्या हाती जर्मन शास्त्रज्ञांचे ज्ञान पडले होते. त्यामुळे आकाशातील अनोळखी वस्तू हे शत्रूचे नवे विमान तर नसेल ना, ही शंका लष्करी अधिकाऱ्यांच्या दृष्टीने स्वाभाविकच होती.

२३ सप्टेंबर १९४७ रोजी जनरल नेथन ट्वायनिंग यांनी ब्रिगेडियर जनरल शुल्गेन यांना जे पत्र पाठविले, त्यात वृत्तांतांचा विषय खरोखरीचा असून केवळ कल्पनेचा खेळ नाही, असे मत नोंदविले आहे. या पत्राचा आधार दुसऱ्या पक्षाने वारंवार घेतला. परंतु त्याच पत्रात ही वस्तू देशातीलच एखाद्या गुप्त प्रकल्पातून निघाली असण्याची, तसेच ती परराष्ट्राची असण्याची शक्यता मांडली आहे. शिवाय हाती पडलेल्या अवशेषांच्या रूपाने कोणताही भौतिक पुरावा नाही, असेही स्पष्ट म्हटले आहे. पत्र गुप्त होते. ते प्रसिद्धीसाठी लिहिलेले नव्हते, म्हणूनच त्यातील या कबुलीला विशेष मोल आहे. रॉसवेल येथील तथाकथित घटना होऊन त्या वेळी अडीच महिने लोटले होते.

या पत्राची परिणती जानेवारी १९४८ मध्ये ओहायो राज्यातील डेटनजवळ राइट-पॅटरसन तळावर 'साइन' प्रकल्प सुरू होण्यात झाली. १९४९ च्या आरंभी त्याला 'ग्रज' हे नाव मिळाले आणि मार्च १९५२ पासून 'ब्ल्यू बुक' हे नाव अखेरपर्यंत टिकले. 'साइन'च्या काही अधिकाऱ्यांनी १९४८ मध्ये या वस्तू परग्रहावरील असाव्यात असा अहवाल तयार केला व वायुदलप्रमुख व्हँडेनबर्ग यांनी पुराव्याअभावी तो परतविला, असे 'ब्ल्यू बुक'चे पहिले प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात लिहिले. या अहवालाची प्रत उपलब्ध नाही. एका जाणत्या अधिकाऱ्याची आठवण म्हणून या कथनाला स्थान द्यावे. त्यापलीकडे त्यावर इमारत उभारता येत नाही.

३. दोन फुग्यांची कथा

गुप्ततेचा विषय कोणता होता, हे दोन आरंभीच्या प्रकरणांवरून स्पष्ट होते.

८ जुलै १९४७ रोजी न्यू मेक्सिको राज्यातील रॉसवेल येथील हवाईतळाने एक उडती तबकडी आपल्या ताब्यात आल्याचे वृत्तपत्रांना कळविले. तेथे असलेला ५०९ वा बॉम्बफेकी विमानगट हा त्या काळी अणुबॉम्ब वाहून नेण्यास समर्थ असलेला विमानगट होता. काही तासांतच टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे ब्रिगेडियर जनरल रॉजर रॅमी यांनी सापडलेले अवशेष हवामान-निरीक्षणाच्या फुग्याचे असल्याचे सांगितले आणि प्रकरण मिटले. सुमारे तीस वर्षे त्याकडे कोणी लक्षही दिले नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याची पुन्हा चर्चा सुरू झाली. न्यू मेक्सिकोचे काँग्रेस-सदस्य स्टीव्हन शिफ यांनी पाठपुरावा केल्यावर वायुदलाने १९९४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. सापडलेले अवशेष 'मोगल' नामक प्रकल्पातील फुग्यांच्या माळेचे असावेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. सोव्हिएत अणुस्फोटाचे ध्वनितरंग वातावरणाच्या वरच्या थरात टिपणे हा या अत्यंत गुप्त प्रकल्पाचा हेतू होता, व न्यूयॉर्क विद्यापीठाचे पथक त्यासाठी अलामोगोर्डो येथून फुगे सोडीत होते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षणीय आहे. मोगलचे रबरी फुगे आणि रडारचे परावर्तक हे हवामानखात्याच्या नेहमीच्या फुग्यांहून जातीने वेगळे नव्हते. त्यांची संख्या व मांडणी तेवढी वेगळी होती. म्हणजे १९४७ चे स्पष्टीकरण साहित्याच्या दृष्टीने खरे आणि प्रयोजनाच्या दृष्टीने अपुरे होते. प्रयोजन गुप्त होते, वस्तू सामान्य होती. पुढील अनेक प्रकरणांतील गुप्ततेची घडण अशीच आहे.

दुसरे प्रकरण कॅप्टन टॉमस मँटेल यांचे. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यात आकाशातील एका मोठ्या चकाकत्या वस्तूचा पाठलाग करीत त्यांनी आपले विमान २०,००० फुटांच्या वर नेले. त्यांच्याजवळ प्राणवायूची सोय नव्हती. विमान कोसळून त्यांना मृत्यू आला. वायुदलाने प्रथम ती वस्तू म्हणजे शुक्राचा ग्रह असल्याचे सांगितले. दिवसाउजेडी दिसलेल्या त्या मोठ्या वस्तूला हे स्पष्टीकरण लागू पडणे कठीण होते, आणि ते कोणास पटलेही नाही. नौदल त्या काळी 'स्कायहुक' नावाचे सुमारे १०० फूट व्यासाचे फुगे अतिउच्च थरात सोडीत असे व तो प्रकल्प गुप्त होता. मँटेल यांनी अशाच फुग्याचा पाठलाग केला असावा, हे स्पष्टीकरण नंतर पुढे आले व आज तेच सर्वाधिक संभवनीय मानले जाते. एका दलाची गुप्त वस्तू दुसऱ्या दलाच्या वैमानिकाला अनोळखी होती. ही गोष्ट केवळ कुतूहलाची नव्हे. तीत एक मनुष्य प्राणास मुकला.

४. १९५२ आणि रॉबर्टसन मंडळ

१९५१ मध्ये १६९ वृत्तांत नोंदविले गेले होते. १९५२ मध्ये ही संख्या १,५०१ वर गेली. त्यांपैकी पाचशेहून अधिक एकट्या जुलै महिन्यातील होते. १९-२० आणि २६-२७ जुलैच्या रात्री प्रत्यक्ष राजधानी वॉशिंग्टनच्या विमानतळावरील रडारवर अनोळखी बिंदू दिसले व लढाऊ विमाने धाडण्यात आली. २९ जुलै रोजी वायुदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांनी वृत्तपत्रकारांची जी परिषद घेतली, ती दुसऱ्या महायुद्धानंतरची वायुदलाची सर्वांत मोठी परिषद होती. उंच थरातील हवा खालच्या थरापेक्षा उष्ण झाली असता रडारवर असे भास उमटतात, असे स्पष्टीकरण तेथे देण्यात आले.

सी. आय. ए.ने या प्रश्नात लक्ष घातले ते या वेळी. संस्थेच्या वैज्ञानिक गुप्तवार्ता शाखेचे प्रमुख मार्शल चॅडवेल यांनी संचालक वॉल्टर बेडेल स्मिथ यांना जे कळविले, त्यात परग्रहवासीयांचे भय नाही, रशियाचे आहे. अशा वृत्तांतांच्या लोंढ्याने हवाई हल्ल्याची पूर्वसूचना देणारी यंत्रणा तुंबून जाईल व खरा हल्ला ओळखता येणार नाही, तसेच शत्रू या लोकभ्रमाचा मानसिक युद्धात उपयोग करून घेईल, ही त्यांची चिंता होती. सोव्हिएत वृत्तपत्रांत तबकड्यांची वार्ता मुळीच आढळत नाही, ही गोष्टही संस्थेच्या अभ्यासकांना अर्थपूर्ण वाटली. तिच्यामागे सरकारी धोरण असावे असे त्यांनी अनुमान केले. मौनालाही पुरावा मानण्याची सवय केवळ आरोप करणाऱ्यांनाच होती असे नाही.

जानेवारी १९५३ मध्ये कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेतील भौतिकीविद एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ चार दिवस बसले. लुइस अल्वारेझ, लॉइड बर्कनर, सॅम्युएल गाउडस्मिट आणि थॉर्नटन पेज हे त्याचे इतर सदस्य. निवडक प्रकरणे व चित्रफिती पाहून मंडळाने निष्कर्ष काढला की, या वस्तूंपासून राष्ट्रीय सुरक्षेला प्रत्यक्ष धोका असल्याचा पुरावा नाही; वृत्तांतांच्या गर्दीमुळे मात्र धोका संभवतो. म्हणून प्रचारमाध्यमांच्या द्वारे लोकांच्या मनातील या विषयाचे गूढ दूर करावे, व या विषयात रस घेणाऱ्या खाजगी मंडळांवर लक्ष ठेवावे, अशी शिफारस त्याने केली. लोकशिक्षणाच्या कामी वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रसंस्थेचा उपयोग होईल, अशीही सूचना झाली.

या शिफारशीत एक मूलभूत बदल सामावलेला आहे. तोपर्यंत 'आकाशात काय दिसले?' हा प्रश्न होता. आता 'लोकांनी काय मानावे?' हा प्रश्न झाला. मंडळाचा वैज्ञानिक निष्कर्ष पुढील संशोधनाने खोटा ठरविला नाही. परंतु तो निष्कर्ष गुप्त राहिला, त्यामागील सी. आय. ए.चा हात गुप्त राहिला, आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अहवालाचा काही भाग खुला करावा लागला तेव्हा त्यातून त्या संस्थेचा उल्लेख व मानसिक युद्धाचा संदर्भ वगळण्यात आला. नागरिकांच्या शंका दूर करण्यासाठी केलेली शिफारस नागरिकांपासूनच लपवून ठेवल्यामुळे, ती उघडकीस येताच नेमक्या त्याच शंका बळावल्या.

५. नियम आणि बतावणी

ऑगस्ट १९५३ मध्ये निघालेल्या वायुदलाच्या २००-२ क्रमांकाच्या नियमाने, व त्याच्या पुढील वर्षीच्या सुधारित रूपाने, तळावरील अधिकाऱ्यांना केवळ ओळख पटलेल्या वस्तूंविषयीच माहिती देण्याची मुभा ठेविली. उलगडा न झालेली प्रकरणे वरिष्ठांकडे जात. 'जॅनॅप १४६' या संयुक्त नियमान्वये सुरक्षेशी संबंधित वृत्तांतांची अनधिकृत वाच्यता दंडनीय ठरली. परिणाम असा की, ज्याचे उत्तर सापडले ते प्रसिद्ध होई आणि ज्याचे सापडले नाही ते दफ्तरात जाई. हा क्रम प्रशासकाला सोयीचा होता. बाहेरील निरीक्षकाला मात्र त्यावरून एवढेच दिसे की, नेमकी अवघड प्रकरणेच कोणी दाखवीत नाही. निवृत्त नौसैनिक मेजर डोनाल्ड कीहो यांच्या लेखनाला आणि १९५६ मध्ये स्थापन झालेल्या 'निकॅप' या मंडळाला जो प्रतिसाद मिळाला, त्याचे कारण या क्रमात आहे. सी. आय. ए.चे पहिले संचालक हिलेनकोटर हेही निवृत्तीनंतर या मंडळाच्या नियामक समितीवर होते.

याच सुमारास, ऑगस्ट १९५५ मध्ये, यू-२ या टेहळणी विमानाची उड्डाणे सुरू झाली. ते ६०,००० फुटांहून अधिक उंचीवर उडे; तत्कालीन प्रवासी विमाने १०,००० ते २०,००० फुटांवरून जात. खाली सूर्यास्त झाल्यावरही त्या उंचीवर ऊन असे आणि विमानाचे रुपेरी पंख चकाकत. वृत्तांत आले की 'ब्ल्यू बुक'चे अधिकारी ते यू-२ च्या उड्डाणनोंदींशी ताडून पाहत. परंतु मिळालेले उत्तर पत्र पाठविणाऱ्याला कळविता येत नसे. त्याऐवजी हिमकणांची वा तापमानाची कारणे दिली जात. सी. आय. ए.च्या स्वतःच्या इतिहासकारांनीच हे पुढे लिहून ठेविले आहे.

हवामान हे निमित्त केवळ फुग्यांपुरते मर्यादित राहिले नाही. १ मे १९६० रोजी रशियात पाडले गेलेले यू-२ विमान हवामानाच्या संशोधनावर होते, असे अमेरिकेने प्रथम जाहीर केले. ७ मे रोजी ख्रुश्चेव्ह यांनी वैमानिक जिवंत असल्याचे सांगितले, आणि काही दिवसांतच अध्यक्ष आयझेनहॉवर यांना टेहळणीची जबाबदारी स्वीकारावी लागली. शासनाच्या तोंडचा 'हवामान' हा शब्द तेव्हापासून संशयास्पद झाला. पुढे शासनाने खरोखरीच्या हवामान-फुग्याकडे बोट दाखविले, तरी ऐकणाऱ्याला १९६० चे वर्ष आठवणे अपरिहार्य होते.

६. एका उत्तरकालीन विधानाचे परीक्षण

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६० च्या दशकापर्यंतच्या वृत्तांतांपैकी निम्म्याहून अधिक वृत्तांत यू-२ व तत्सम टेहळणी विमानांमुळे उद्भवले, असे सी. आय. ए.च्या अधिकाऱ्यांच्या नंतरच्या अंदाजाचा हवाला देऊन जेरल्ड हेन्स यांनी १९९७ मध्ये लिहिले. प्रस्तुत प्रतिपादनाला हे विधान अनुकूल आहे. म्हणूनच ते अधिक कसोशीने तपासले पाहिजे.

या विधानाविषयी तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, वृत्तांतांचा सर्वोच्च आकडा १९५२ चा आहे, म्हणजे यू-२ च्या पहिल्या उड्डाणाच्या तीन वर्षे आधीचा. दुसरा असा की, १९५७ मध्ये १,००६ वृत्तांत आले, त्यांची भरती नोव्हेंबरात, दुसरा स्पुटनिक अवकाशात गेला त्या सुमारास आली. तिचा संबंध उड्डाणांच्या संख्येपेक्षा लोकांच्या आकाशाकडे लागलेल्या दृष्टीशी जोडणे अधिक सयुक्तिक आहे. तिसरा असा की, 'ब्ल्यू बुक'च्या संचिकांतील उलगडलेली बहुसंख्य प्रकरणे ग्रह, तारे, उल्का, साधी विमाने आणि फुगे यांचीच आहेत. तेव्हा 'निम्म्याहून अधिक' हे प्रमाण स्वीकारण्यास पुरेसा आधार नाही. काही प्रकरणांत टेहळणी विमाने कारण होती व ते कारण दडविले गेले, एवढेच सुरक्षितपणे म्हणता येते. संस्थात्मक बखरीत धन्याचे श्रेय वाढविण्याची प्रवृत्ती असते. येथे धन्याने आपल्या गुप्ततेचा पराक्रमही वाढवून सांगितलेला दिसतो.

७. काँडन अहवाल व समाप्ती

मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात दिसलेल्या प्रकाशांचे, वायुदलाचे सल्लागार व खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांनी दलदलीतील वायू असे स्पष्टीकरण दिले. ते उपहासाचा विषय झाले आणि तेथील काँग्रेस-सदस्य जेरल्ड फोर्ड यांनी संसदीय सुनावणीची मागणी केली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडो विद्यापीठाकडे स्वतंत्र चौकशी सोपविण्यात आली. तिचे प्रमुख एडवर्ड काँडन हे नामांकित भौतिकीविद होते. १९४८ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने अणुरहस्यांच्या सुरक्षिततेतील दुबळा दुवा म्हणून त्यांना बदनाम केले होते. राज्यसंस्थेच्या संशयाचे बळी ठरलेल्या आणि विज्ञानातील गुप्ततेला विरोध करणाऱ्या या शास्त्रज्ञावर त्याच राज्यसंस्थेच्या निरपराधित्वाची ग्वाही देण्याची वेळ आली.

ही ग्वाही निर्वेध राहिली नाही. करार होण्यापूर्वी, ऑगस्ट १९६६ मध्ये, प्रकल्पाचे समन्वयक रॉबर्ट लो यांनी एक टिपण लिहिले होते. प्रकल्पाची मांडणी अशी करावी की लोकांना तो पूर्णतः निःपक्षपाती वाटेल, ही त्यातील मेख होती. टिपण बाहेर पडले, दोघा संशोधकांना काढून टाकण्यात आले, आणि १९६८ मध्ये नियतकालिकांतून त्याचा बोभाटा झाला. जानेवारी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात या विषयाच्या अभ्यासाने विज्ञानात भर पडलेली नाही व पडण्याची शक्यता नाही, असा निष्कर्ष होता. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्याला दुजोरा दिला. गुप्ततेविषयी काँडन यांनी म्हटले की, असा पुरावा आढळला नाही. ज्याला गुप्तता म्हणतात तो अपुरी माहिती उशिरा प्रसिद्ध करण्याचा समंजसपणा होय. रॉबर्टसन मंडळाची शिफारस व यू-२ चा अनुभव यांच्या प्रकाशात हे विधान टिकत नाही. काँडन असत्य बोलले असे मानण्याचे कारण नाही. त्यांना दाखविलेल्या दफ्तरापुरते ते कदाचित खरेही असेल.

१७ डिसेंबर १९६९ रोजी वायुदलमंत्री रॉबर्ट सीमन्स यांनी 'ब्ल्यू बुक' बंद झाल्याचे जाहीर केले. त्यापूर्वी २० ऑक्टोबर रोजी ब्रिगेडियर जनरल बोलेंडर यांनी लिहिलेले टिपण नंतर उजेडात आले. राष्ट्रीय सुरक्षेला बाधक ठरू शकणारे वृत्तांत 'जॅनॅप १४६' आदी नियमांनुसार पाठविले जातात आणि ते 'ब्ल्यू बुक'च्या व्यवस्थेचा भाग नाहीत, असे त्यात म्हटले आहे. खरी चौकशी अन्यत्र चालू होती याचा हा कबुलीजबाब, असा अर्थ आरोप करणाऱ्यांनी काढला. साध्या वाचनाने निघणारा अर्थ एवढाच की, शत्रूच्या विमानाची सूचना देणारी यंत्रणा वेगळी होती व ती चालू राहणार होती. परंतु लोकांसमोर ठेविलेले दफ्तर हे संपूर्ण दफ्तर नव्हते, हे या टिपणाने सिद्ध होते.

८. काळ्या शाईखालील मजकूर

माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा १९६६ चा. वॉटरगेटनंतर १९७४ मध्ये त्याला बळ मिळाले. १९७६ मध्ये 'ब्ल्यू बुक'च्या संचिका राष्ट्रीय दफ्तरखान्यात साक्षीदारांची नावे खोडून खुल्या झाल्या. एका नागरी मंडळाने दावा लावल्यावर सी. आय. ए.ने १९७८ मध्ये सुमारे ९०० पृष्ठे दिली. राष्ट्रीय सुरक्षा अभिकरणाविरुद्धच्या दाव्यात मात्र १९८० मध्ये न्यायाधीश गेसेल यांनी अभिकरणाचे प्रतिज्ञापत्र बंद दालनात वाचून कागद रोखून ठेवण्यास मान्यता दिली. ते प्रतिज्ञापत्र पुढे मिळाले ते जवळजवळ पूर्ण काळ्या शाईने माखलेले. त्या शाईखाली परग्रहाचे रहस्य आहे, असा समज पसरला. अभिकरणाने दिलेले कारण निराळे होते : ते कागद परकीय राष्ट्रांचे संदेश टिपून मिळविलेले होते, आणि ते प्रसिद्ध केल्यास संदेश कसे टिपले जातात हे कळले असते.

शाईखाली काय असते याचे एक उदाहरण भारताशी निगडित आहे. यू-२ चा सी. आय. ए.ने लिहविलेला इतिहास १९९८ मध्ये अंशतः खुला झाला, तेव्हा त्यातील उडत्या तबकड्यांविषयीचा मजकूर वाचकांसमोर आला. त्याच ग्रंथाचा अधिक भाग २०१३ मध्ये खुला झाला, तेव्हा कळले की १९६४ मध्ये ओरिसातील चारबतिया तळाचा वापर यू-२ च्या उड्डाणासाठी झाला होता. १९९८ मध्ये तबकड्यांचा परिच्छेद प्रसिद्ध करण्यास हरकत वाटली नाही. मित्रराष्ट्राशी झालेली व्यवस्था मात्र आणखी पंधरा वर्षे झाकून ठेवावी लागली.

जेथे अस्सल कागद मिळत नाहीत, तेथे बनावट कागद निर्माण होतात. 'मॅजेस्टिक-१२' नामक गुप्त समितीचे कागद १९८४ मध्ये एका चित्रफितीच्या रूपाने टपालाने आले व १९८७ मध्ये गाजले. त्यांतील अध्यक्ष ट्रुमन यांची स्वाक्षरी १ ऑक्टोबर १९४७ च्या एका अस्सल पत्रावरून उतरविलेली असल्याचे आढळले. रॉबर्ट कट्लर यांनी ट्वायनिंग यांना १४ जुलै १९५४ रोजी लिहिल्याचे म्हटलेले टिपण तर प्रत्यक्ष दफ्तरखान्यात सापडले. परंतु त्या दिवशी कट्लर देशाबाहेर होते. कागद दफ्तरात सापडला एवढ्यावरून तो त्या दफ्तराचा ठरत नाही, हा नियम येथे पुन्हा प्रत्ययास आला.

शासनाची बाजूही या बाबतीत निर्दोष नाही. काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने १९९५ मध्ये कळविले की, रॉसवेल तळावरून गेलेल्या ऑक्टोबर १९४६ ते डिसेंबर १९४९ या काळातील संदेशांची दफ्तरे नष्ट झाली असून ती कोणाच्या आज्ञेने नष्ट झाली याची नोंद नाही. १९९७ मध्ये वायुदलाने दुसरा अहवाल काढून, लोकांना आठवणारी 'परग्रहवासीयांची प्रेते' म्हणजे उंचावरून टाकलेले प्रायोगिक पुतळे असावेत, असे सांगितले. ते प्रयोग १९५० च्या दशकातील होते; घटना १९४७ ची. स्मृतीत कालविपर्यास होतो हे खरे असले, तरी शंका मिटविण्याच्या उद्देशाने लिहिलेल्या अहवालाने नवी शंका पुरविली.

९. उपसंहार

हा विषय १९६९ नंतरही संपला नाही. संरक्षण खात्यात एक लहान चौकशी प्रकल्प चालविला गेल्याचे डिसेंबर २०१७ मध्ये उघडकीस आले. जून २०२१ च्या शासकीय अहवालात १४४ वृत्तांतांपैकी एकाचाच निश्चित उलगडा झाल्याचे म्हटले होते. ती वस्तू म्हणजे हवा जात असलेला एक मोठा फुगा होता. मार्च २०२४ मध्ये संरक्षण खात्याच्या कार्यालयाने १९४५ पासूनच्या चौकशांचा ऐतिहासिक आढावा प्रसिद्ध करून, परग्रहावरील तंत्राचा पुरावा आढळला नाही व अनेक वृत्तांत देशाच्याच गुप्त प्रकल्पांविषयीच्या गैरसमजातून उद्भवले, असे नमूद केले. हा निष्कर्ष वर दाखविलेल्या साधनांशी जुळतो. तथापि त्याला व्यापक विश्वास लाभला नाही, व याचे कारण लोकांच्या भोळेपणात शोधणे पुरेसे होणार नाही. ज्या संस्थेने शुक्र, हिमकण आणि हवामान ही निमित्ते पूर्वी सांगितली, तिच्या खऱ्या बोलण्याचाही तोच हिशेब होतो.

या इतिहासावरून संशोधकाला तीन मर्यादा संभाळाव्या लागतात. एखादा कागद रोखला गेला एवढ्यावरून काहीतरी गुप्त आहे हे सिद्ध होते. ते काय आहे हे सिद्ध होत नाही. शासनाचे एक स्पष्टीकरण खोटे ठरले, तर त्याचे प्रतिपक्षाने दिलेले स्पष्टीकरण आपोआप खरे ठरत नाही. आणि शासनाचा अंतिम निष्कर्ष योग्य निघाला, तरी त्या निष्कर्षाकडे लोकांना नेण्यासाठी त्याने योजिलेले मार्ग त्यामुळे योग्य ठरत नाहीत. ७०१ प्रकरणांचा उलगडा झाला नाही, या वाक्याचा अर्थही एवढाच की पुरावा अपुरा होता. पुरावा अपुरा का राहिला, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग आकाशात असेल. दुसरा भाग निश्चितपणे दफ्तरखान्यात आहे.